तायडेभाऊंच्या रकान्यात

आमच्या कारखान्यात तायडेभाऊ येताना दिसले की माणसं हात खिशात घालायची. "जरा हात देता काय?" म्हणत ते कुणालाही, असेल तिथे, उभं करायचे. त्याच्या हातात पाना नाहीतर नळीचा तुकडा द्यायचे आणि समोर उकिडवं बसून वहीत त्या हाताचं चित्र काढायला लागायचे. चित्र होईस्तोवर हलायची सोय नाही. चहा गार होवो, फोन वाजून वाजून बंद पडो, नाक खाजो. जरा हललं की म्हणायचे, "आंगठा होता तिथंच आना."

एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर त्यांनी मूर्तिजापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका म्हातारीचा हात असाच मागितला. त्या हाताच्या शिरा फार सुरेख होत्या म्हणे. ते काढायला बसले आणि बघता बघता बाकावरच्या आणखी चार बायका हात पुढे करून रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, ज्योतिषी आहे आणि फुकट बघतोय. "माह्या पोराचं लगन कवा जमन?" एकीनं विचारलं. तायडेभाऊंनी मान वर न करता सांगितलं, "नट डाव्या हातानं धरून ठेवा बाई, जमते मंग." ती बाई समाधानानं गाडीत चढली. ही गोष्ट आमच्या कॅन्टीनला वर्षभर पुरली.

मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काम केलं. त्यांच्याविषयी लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते. अधिकार असलेलं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. आणि तेवढंच कारण नाही, ते पुढे येईलच.

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा शेतीच्या यंत्रांचा कारखाना. फवारणीचे पंप, पेरणीयंत्रं आणि मुख्य म्हणजे थ्रेशर, मळणीची यंत्रं. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, जी लोक यंत्राच्या खोक्याबरोबरच फेकून देतात, ती आम्ही करायचो. मजकूर मी, चित्रं तायडेभाऊ. स्टोअरच्या मागे दोन टेबलं, एक पंखा, एवढाच आमचा विभाग. मी पुण्यात दोन वर्षं सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहून आलेली, इंजिनिअर, अमरावतीची. ते आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेले, तीस वर्षं त्याच टेबलावर बसलेले. सडपातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पंधरा सेंटीमीटरची लोखंडी पट्टी. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण पहिल्या दिवसापासून मला ‘मॅडम’ आणि ‘तुमी’. मला तो मान वाटायचा.

पुस्तिका वाचण्याचा त्यांना नाद होता. प्रेशर कुकरची, गिझरची, रक्तदाब मोजायच्या यंत्राची, कसलीही. स्टोअरकीपरच्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या मिक्सरच्या खोक्यातली पुस्तिका त्यांनी मांडवातच बाहेर काढली आणि पंगत उठेपर्यंत एका कोपऱ्यात वाचत बसले. पुस्तिका ते नेहमी मधूनच उघडायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मानूस अडकते तवा पुस्तिका उघडते. पयल्या पानापासून कोन वाचते? अडकलेल्या मानसासारखं वाचा लागते."

मी लिहिलेलं पहिलं काम घेऊन एका रविवारी ते मला बार्शीटाकळीकडच्या एका गावात घेऊन गेले. फवारणी पंपाची पुस्तिका होती. त्यांचा नियम असा की पुस्तिका छापायच्या आधी, जो ते यंत्र वापरणार त्याच्या दारात जायचं, खोकं त्याच्या हाती द्यायचं, पुस्तिका द्यायची आणि गप्प बसायचं. याला ते चाचणी म्हणत. "चाचणी चालू हाय तवर बोलाचं नाई," त्यांनी मला गाडीतच बजावलं. "मानूस चुकला तरी नाई. त्यानं आपल्याकडं पाह्यलं तरी नाई. आपण काय प्रत्येकाच्या वावरात जाऊन बोलनार हावो?"

समोरचा शेतकरी नोझल लावायला बसला. वाचलं, फिरवलं, परत वाचलं, परत फिरवलं. आटे चुकत होते. मला राहवेना. मी तोंड उघडलं तसं तायडेभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. पाऊण तास गेला. शेवटी त्या माणसानं नोझल कसंबसं बसवलं. तायडेभाऊंनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "बोला आता."

"बाई," तो मला म्हणाला, "हे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं म्हंजे कोन्तीकडं? माही घड्याळ मोबाइलात हाय. तिले काटेच नाईत."

घरी येऊन मी ‘उजवीकडे’ असं लिहिलं. एका शब्दासाठी एक रविवार. पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना मी ही गोष्ट हसत हसत सांगितली. मनातून मात्र मी त्या दिवशी शिकले, आणि हे मी तायडेभाऊंना कधी सांगितलं नाही.

त्यांच्या चित्रांत बाण नसायचे. जिथे इतर कुणी बाण काढेल तिथे ते हात काढायचे, ओढणारा, ढकलणारा, फिरवणारा हात. त्याचं मूळ धारणीला होतं. फार पूर्वी एका हातपंपाची चाचणी करायला ते एसटी आणि मग जीप करत तिकडे गेले होते. ज्याला पंप दिला त्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून पुस्तिका नुसत्या चित्रांची होती. त्यानं सगळं नीट जोडलं आणि मग खोकं उलटं करून काहीतरी शोधायला लागला. खोकं झटकलं, पेंढा चाळला. तायडेभाऊ नियमाप्रमाणे गप्प. शेवटी ‘बोला आता’ म्हटल्यावर त्यानं दुभाष्यामार्फत चित्रातल्या बाणावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हा भाग खोक्यात आलेला नाही.

ही गोष्ट कारखान्यात कुणी विनोद म्हणून सांगायला लागलं की तायडेभाऊ चिडायचे. तसे ते चिडणारे नव्हते. "त्याचं काय चुकलं? चित्रात होतं ते त्यानं शोधलं," ते म्हणायचे. "चित्रात हाय ते खरंच हाय असं समजनारा मानूस खोटा नसते. बाण म्या काढला होता."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल.

प्रत्येक पुस्तिकेबरोबर आमच्याकडे एक छापील कागद फिरायचा. त्यात तीन रकाने. मजकूर, चित्र, चाचणी. पहिल्याखाली माझी सही, बाकी दोन त्यांचे. सही कसली, ते नुसतं ‘तायडे’ लिहीत. पण चाचणीच्या रकान्यात ते गाव लिहायचे, माणसाचं नाव लिहायचे, तो कुठे अडकला ते लिहायचे, आणि रकाना पुरला नाही तर मागे लिहायचे. चित्रावर मात्र त्यांनी कधी नाव घातलं नाही. "नटबोल्टवर कोनी सही करते काय?" म्हणायचे.

आता थ्रेशरचं सांगते.

थ्रेशरच्या बाजूला पट्टा आणि पुली असतात आणि त्यांच्यावर लोखंडी कव्हर. पट्टा कसा बसवायचा हे दाखवायचं तर कव्हर काढूनच दाखवावं लागतं, नाहीतर आतलं दिसणार कसं? तायडेभाऊंच्या चित्रात डाव्या बाजूला काढलेलं कव्हर होतं, ते परत लावणारे दोन हात होते आणि खाली माझी ओळ होती: ‘कव्हर फक्त दाखवण्यासाठी काढले आहे. यंत्र चालवताना ते लावलेलेच हवे.’ पुस्तिकेत हे सगळं व्यवस्थित होतं.

सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता आणि विक्रीवाल्यांनी हट्ट धरला की पट्ट्याचं चित्र यंत्रावरच स्टिकर करून लावा, पुस्तिका कोण बघतं. स्टिकरची जागा उभी आणि अरुंद. चित्र आडवं. तायडेभाऊ तेव्हा अमरावतीला, बायकोचं ऑपरेशन होतं म्हणून आठ दिवसांच्या रजेवर. मी कॉम्प्युटरवर चित्र घेतलं आणि डावीकडचा तिसरा हिस्सा कापला. कव्हर गेलं, हात गेले, माझी ओळ गेली. उरलेलं चित्र फार देखणं दिसत होतं, हे मला आजही आठवतं. ‘व्वा’ असं मी मोठ्यांदा म्हणालेही.

त्यांना फोन करता आला असता. दवाखान्यात आहेत, कशाला त्रास द्या, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण, ते चाचणी करायला सांगतील आणि चार दिवस जातील. छापखान्याचा माणूस दारात उभा होता. कागदावरचे तीन रकाने भरल्याशिवाय छपाईला जात नसे. पहिल्यात मी सही केली. चित्राच्या रकान्यात ‘तायडे’ लिहिलं, चित्र त्यांचंच होतं. आणि चाचणीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘ठीक. तायडे.’

रजेवरून आल्यावर त्यांनी स्टिकर बघितला का, मला माहीत नाही. यंत्रं गेलेली होती. मी त्यांना दाखवला नाही.

मोर्शीकडच्या एका गावात शोभाताई नावाची बाई भाड्याच्या थ्रेशरवर मजुरीला होती. थ्रेशरवाल्यानं पट्टा बसवला, कव्हर बाजूला ठेवलं आणि यंत्र सुरू केलं. शोभाताई खाली सांडलेलं सोयाबीन गोळा करायला वाकली आणि तिचा तोल गेला. उजव्या हाताची तीन बोटं पट्टा आणि पुलीच्या मधे गेली.

कव्हर का लावलं नाही असं विचारल्यावर थ्रेशरवाला म्हणाला, "यंत्रावरच्या चित्रात कुठं हाय कव्हर?"

कारखान्यात चौकशी लागली. मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही सहाजण. टेबलावर तो कागद, त्याच्या शेजारी स्टिकर. साहेबांनी कागद तायडेभाऊंच्या पुढे सरकवला. "तायडे, चाचणी तुम्ही केली?"

तायडेभाऊंनी स्टिकर उचलला. त्यांचं बोट स्टिकरच्या डाव्या कडेवरून खालपर्यंत गेलं, जिथून मी चित्र कापलं होतं. मग त्यांनी कागद घेतला आणि तो ‘ठीक’ वाचला. आयुष्यात त्यांनी चाचणीच्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं नव्हतं, हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. मी टेबलाखाली माझी बोटं एकमेकांत घट्ट धरून बसले होते. घरी बाबा सगळ्यांना सांगत होते की आमच्या अर्चनाला दिवाळीला विभागप्रमुख करणार आहेत. एक वाक्य बोलायचं होतं. ‘तो रकाना मी भरला.’ चार शब्द. माझ्या पेशात छोटी वाक्यं लिहायला शिकवतात.

"रकान्यात कोनाचं नाव हाय?" तायडेभाऊंनी विचारलं.

"तुमचं."

"चित्र माहं हाय," ते म्हणाले. "लिहून घ्या."

त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर होती. तेव्हाच घरी जायला सांगितलं त्यांना. जाताना टेबलाच्या खणातून त्यांनी हातांच्या वह्या तेवढ्या नेल्या, पिशवीत भरून. बाकीचं टेबल जसंच्या तसं. "येतो मॅडम," म्हणाले. दिवाळीला मला विभागप्रमुख केलं. बाबांनी पेढे वाटले. मी पण एक खाल्ला.

पुढची तीन वर्षं मी एक समजूत करून घेतली होती, आणि ती फार सोयीची होती. तायडेभाऊंनी मला वाचवलं. आपलं झालं, पोरीचं अजून व्हायचंय, असा विचार केला त्यांनी. देवमाणूस. लोकांना मी हेच सांगायचे, अर्थात कशापासून वाचवलं ते गाळून. माणसाला देव केलं की त्याचं देणं फिटल्यासारखं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. तीन वर्षांत पहिला. तब्येत कशी, घरचे कसे, काही नाही. "मॅडम, एक चाचणी हाय. बाईमानूस पायजे. याल काय अमरावतीले?"

गेले. अमरावतीच्या एका दवाखान्यात, यंत्रात हात गेलेल्यांना रोजची कामं नव्यानं शिकवतात. तिथं शिकवणाऱ्या बाईंसाठी तायडेभाऊ तक्ते काढत होते. दोन बोटांनी भाकरी कशी थापायची. एका हातानं दोर कसा बांधायचा. तीन वर्षांत चाळीसेक तक्ते झाले होते. या वेळचा तक्ता साडीच्या निऱ्यांचा होता. चित्रं झाली होती, खालच्या ओळी मी लिहायच्या होत्या. "लिहिनं माहं काम नाई," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं साडी नेसून दाखवली होती, आणि चित्रातला निऱ्या धरणारा हात दुसऱ्या कुणाचा तरी होता. अंगठा, करंगळी आणि मधे अर्धं बोट.

मी ओळखलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "शोभाताईंचा?"

"हो. चाचणी तिच्याच घरी. रोज सकाळी सासूले हाक मारा लागते तिले, निऱ्या घालून द्याले. सासू काई बोलत नाई, पन हिले जीव नकोसा होते."

मोर्शीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर संत्र्याच्या बागा जात होत्या. अर्धा रस्ता गेला तसं मी मनाचा हिय्या केला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही मला त्या दिवशी वाचवलंत."

ते खरोखरच चकित झाले. "तुमाले? काहून?"

"तो रकाना... तो मी..."

"ते मले मालूम हाय. तुमचा ‘ठ’ वेगळा हाय." खिशातली पट्टी त्यांनी नीट बसवली. "पन तुमाले वाचवाले नाई म्हतलं म्या तसं. चित्र मधातून कापता आलं, कापल्यावरबी चांगलं दिसलं. ते चित्र चुकीचंच होतं मॅडम. कव्हर बाजूले काढलं म्या. हात बाजूले काढले. पट्ट्यावरच काढाले पायजे होते. कापनाराले कापताच नसतं आलं. तीस वर्ष बाणाची गोष्ट सांगितली मानसाईले, आन् तेच केलं. माहं होतं तेवढं म्या घेतलं."

"आणि माझं?"

"तुमचं म्या कसं घेईन?" ते साधेपणानं म्हणाले. "ते तुमच्यापाशीच हाय."

कंडक्टर आला. त्यांनी तिकिटं काढली. शोभाताईंना माझ्याबद्दल सांगितलंय का, हे मी खूप वेळानं विचारलं. "नाई," ते म्हणाले. "म्या काहून सांगू?"

शोभाताईंचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी. पस्तिशीच्या, उंच, हसऱ्या. मी कारखान्यातली आहे हे त्यांना माहीत होतं. तायडेभाऊंनी तेवढं फोनवर सांगितलं होतं. मला कुठे ठेवू न् कुठे नको असं त्यांना झालं. ताटलीत सोललेली संत्री, खाली चादर, पंखा माझ्याकडे. संत्री त्यांनी त्याच हातानं सोलली होती.

"भाऊ पयल्यांदा आले तवा," त्या मला सांगू लागल्या, "मले म्हने, हात देता काय? मले असा राग आला बाई! बोटं गेली, आता हातबी मांगता काय? मंग म्हने, थ्रेशरवरचं चित्र माहं होतं. पयल्याच दिवशी सांगतलं त्यायनं. म्या म्हतलं, तुमी आले तरी. कारखान्यातलं दुसरं कोनी तोंड दाखवलं नाई." मग जीभ चावून म्हणाल्या, "तुमाले नाई म्हनून राहिली. तुमाले काय मालूम."

मी संत्र्याची फोड तोंडात घातली.

तायडेभाऊ ओसरीवर गेले आणि दाराकडे पाठ करून बसले. म्हणून बाईमाणूस हवं होतं. मी दार लोटून घेतलं. शोभाताईंनी अंगावरच्या साडीवरूनच एक जुनी सुती साडी गुंडाळली आणि माझ्या हातातला तक्ता घेऊन भिंतीला टेकवून ठेवला.

"चाचणी सुरू," बाहेरून आवाज आला. "बोलाचं नाई."

पहिलं चित्र सोपं होतं. पदराची बाजू सोडून उरलेली साडी डाव्या हातात. दुसऱ्यापाशी त्या अडकल्या. खालची माझी ओळ ओठ हलवत त्यांनी वाचली, एकदा, दोनदा, तीनदा. साडी सुटली. परत घेतली. परत सुटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. चार वर्षं मला तसंच शिकवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत मी नियम म्हणून गप्प नव्हते, आणि हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. चौकशीच्या दिवशीही नाही. तिथे समोर साहेब होते. इथे समोर तो हात होता.

मग शोभाताईंनी ओळ सोडून दिली आणि नुसतं चित्र बघितलं. चित्रातला हात त्यांचाच. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी पहिली घडी घेतली. तळव्याच्या कडेनं ती पोटाशी दाबली. दुसरी. तिसरी. चौथीला कपड्यांचा चिमटा लावला, चित्रात होता तसा. पाचवी, सहावी, सातवी. सगळ्या एका लांबीच्या नव्हत्या. त्यांनी त्या खोचल्या, चिमटा काढला आणि खाली बघितलं. पायांपर्यंत निऱ्या सरळ पडल्या होत्या.

त्या रडल्या नाहीत. आतल्या खोलीकडे तोंड करून सासूला ओरडून म्हणाल्या, "आत्या! उद्यापासून झोपून राहा वो!"

"झालं काय?" ओसरीवरून आवाज.

"झालं भाऊ! या!"

तायडेभाऊ आत आले. निऱ्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चादरीवर बसले, वही मांडीवर घेतली, गावाचं नाव लिहिलं, शोभाताईंचं नाव लिहिलं. पेन वहीवर धरून त्यांच्याकडे बघितलं. "बोला आता."

"दुसऱ्या चित्रापाशी अडकली," शोभाताई म्हणाल्या. "मंग चित्र पाहून जमलं. बाकी मस्त हाय."

त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. ते मला आठवतात ते असेच, मांडी घालून, पेन उघडं, चष्म्यावरून माझ्याकडे बघत. घाई नाही, राग नाही. कितीही वेळ बसले असते.

"बोला आता, मॅडम."

शोभाताईही बघत होत्या. निऱ्यांवर ठेवलेला त्यांचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. चार शब्द होते. मी तोंड उघडलं.

"दुसऱ्या चित्राखालचं वाक्य लांब झालंय," मी म्हणाले. "छोटं करते."

तायडेभाऊंनी ते वहीत उतरवलं, शब्द न् शब्द, आणि त्याच्यापुढे माझं पूर्ण नाव लिहिलं.